जानेवारीतलं ल्युबेक : साडेसात तासांचा उजेड आणि बाबांचे बूट

एल्बेकाठची

आई-बाबा डिसेंबरात आमच्याकडे हँबुर्गला आले. "उन्हाळ्यात या" असं मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते, पण तिकीट डिसेंबरातलं स्वस्त पडलं आणि बाबांपुढे त्यानंतर कुठलाच मुद्दा टिकत नाही. पहिले पंधरा दिवस भुरभुर पाऊस, करडं आभाळ आणि दुपारी चारला दिवेलागण. आई खिडकीशी बसून म्हणायची, "तुमच्याकडे सकाळ होतच नाही का गं? एकदम संध्याकाळच?"

शेवटी जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी ल्युबेकला जायचं ठरवलं. हँबुर्गहून साध्या गाडीने पाऊण तास. इथे अनेकजण पाहुण्यांना घेऊन हिवाळ्यात कुठे जायचं ते विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

काय काय बघायचं याची यादी मी केलीच नाही. उजेडाचा हिशोब केला. सूर्य उगवतो साडेआठनंतर, मावळतो चारच्या थोडं पुढे. म्हणजे दहा ते चार बाहेर, आणि दर तासाभराने आत शिरायला उबदार जागा हवी. ल्युबेकचं जुनं गाव म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेलं बेट. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात चालून होतं, आणि मध्ये पाच मोठी चर्चं. सत्तरीच्या माणसांना याहून सोयीचं गाव नाही. (सत्तरीची माणसं हा शब्दप्रयोग बाबांनी वाचू नये.)

तिकीट श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचं दिवसाचं काढलं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊपर्यंत थांबायची अटही नसते. वेगवान गाड्यांना चालत नाही, एवढंच.

स्टेशनातून निघालं की गावाच्या वेशीपर्यंत दहा मिनिटं चाल. वाटेत पुतळ्यांचा पूल लागतो. त्यात व्यापाराचा देव मर्क्युरी आहे, अंगावर सूत नाही, आणि पाहुण्यांकडे त्याने पाठ केलेली. पाठ म्हणजे पाठीच्या जरा खालचा भाग. आईने घाईघाईने मफलर सारखा केला आणि नदी बघायला लागली. बाबा म्हणाले, "याला थंडी वाजत नसेल?"

मग होल्स्टेनटोर. विटांचे दोन जाडजूड बुरूज, डोक्यावर काळ्या निमुळत्या टोप्या, मध्ये कमान. १४६४ ते १४७८ या काळात बांधलेला हा दरवाजा दलदलीत खचलाय, बुरूज कललेत. फोटो वाकडा आला म्हणून मी तीनदा काढला, मग लक्षात आलं की दरवाजाच वाकडा आहे. बाहेरच्या बाजूला भिंत साडेतीन मीटर जाड, गावाकडच्या बाजूला एक मीटरही नाही. बाबांनी खिळे शोधले. "शनिवारवाड्याच्या दरवाजाला हत्तींसाठी आहेत तसे." इथे हत्ती कुठून येणार, बाबा!

त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. १८६३ मध्ये हा दरवाजा पाडायचा की ठेवायचा यावर गावात मतदान झालं आणि तो एका मताने वाचला. बाबा अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. "एका मताने," असं ते दिवसभरात चारदा तरी म्हणाले.

दरवाजाशेजारी, पाण्याला लागून मिठाची सहा जुनी गोदामं आहेत. विटांची, त्रिकोणी माथ्यांची, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभी. सगळ्यात जुनं १५७९चं. या गावाचा पैसा मिठातून आलाय. ल्युनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांतलं मीठ इथे यायचं, इथून जहाजांत भरून बाल्टिक समुद्रापार स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याला जायचं आणि तिथली हेरिंग मासळी त्यात खारवून युरोपभर विकली जायची.

आणि इथे, गोदामांसमोर, बाबांच्या उजव्या बुटाने राम म्हटला.

बूट ट्रेकिंगचे, सात वर्षांपूर्वी मिरजेत घेतलेले, दोनदा घातलेले, बाकी वेळ कपाटात कापडी पिशवीत. "परदेशात लागतील" म्हणून राखून ठेवले होते. फरसबंदीवर पाय जरा तिरका पडला आणि तळ निघाला. निघाला म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत उलगडला, आणि आतून बेसनाच्या लाडवासारखा भुगा पडायला लागला. पाच मिनिटांत डावाही गेला. थंडी शून्याच्या आसपास. आईच्या पर्समधून दोन रबरबँडं आणि एक नायलॉनची दोरी निघाली. (आईच्या पर्समध्ये दोरी का असते, हे विचारायचं नसतं.) बाबा तळ बांधून, टाचा न उचलता, बर्फावर चालणाऱ्या पेंग्विनसारखे बाजारपेठेपर्यंत आले. शनिवार होता म्हणून निभावलं. रविवारी इथली दुकानं बंद असतात, हे सगळ्यांनी लिहून ठेवा. दुकानातल्या बाईंनी भुगा बघितला, काही बोलल्या नाहीत, फक्त आतून झाडू आणला. नवे बूट बाबांना एवढे आवडले की जुने त्यांनी तिथेच ठेवू दिले. हा माणूस टूथपेस्ट लाटण्याने लाटून संपवतो.

तिथून मारियनकिर्शं, म्हणजे सेंट मेरीचं चर्च. विटांची कमान ३८.५ मीटर उंच, विटांच्या बांधकामात जगात सगळ्यात उंच. वर बघताना आईची टोपी मागे पडली. पण लक्षात राहतात त्या घंटा. २८ मार्च १९४२च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर आगीचे बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी पाम संडे, म्हणजे ईस्टरआधीचा रविवार. तीनशेहून जास्त माणसं गेली, जुन्या गावाचा पाचवा भाग जळाला. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातल्या घंटा जळत्या तुळयांसकट खाली कोसळल्या. त्या अजून तिथेच आहेत, जिथे पडल्या तिथे, फरशी फोडून रुतलेल्या. एक उभी फाटलीय, दुसरीचे तुकडे. जाळीबाहेरून बघायचं. चर्च पुन्हा उभं केलं, घंटा मात्र उचलल्या नाहीत. बाबा बराच वेळ जाळी धरून उभे होते.

त्याच वेळी वर कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. एकच ओळ, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी बाबांना सांगितलं की १७०५ मध्ये बाख नावाचा, पुढे मोठा संगीतकार झालेला वीस वर्षांचा पोरगा आर्नश्टाटहून चालत इथे आला होता, चारशे किलोमीटर, फक्त इथल्या म्हाताऱ्या वादकाला, बुक्स्टेहुडेला ऐकायला. रजा चार आठवड्यांची, राहिला जवळजवळ चार महिने. बाबा मिरजेचे. दर वर्षी दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या मैफलींना रात्ररात्र बसलेले. ते म्हणाले, "मग यात काय विशेष? हजेरी लावायला आला असेल."

वेदीच्या मागे प्रदक्षिणेसारखी वाट आहे. तिथे येशूच्या शेवटच्या भोजनाचं दगडी शिल्प आहे आणि त्यात एक छोटासा उंदीर, गुलाबाचं मूळ कुरतडणारा. गावाची दंतकथा अशी की चर्चपाशी गुलाबाचं झाड फुलत राहील तोवर ल्युबेक स्वतंत्र राहील. उंदरांनी मूळ खाल्लं आणि गाव डॅनिश राजाकडे गेलं. उंदराला हात लावला की नशीब उघडतं म्हणे, म्हणून लोकांनी हात लावून लावून त्याला काळाकुळकुळीत केलाय. मी हे सांगून पुढे गेले. मागे वळून बघते तर आई वाकून, एका हाताने उंदराचा एक कान झाकून, दुसऱ्या कानात काहीतरी सांगत होती. सिद्धिविनायकाला सांगतात तसं. शेजारी एक जर्मन आजोबा टोपी काढून अदबीने थांबले होते. बहुतेक त्यांचा नंबर होता.

त्यानंतर नगरभवनासमोर निडेरेगरमध्ये मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेची मिठाई. १८०६पासूनचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर छोटं मार्झिपान संग्रहालय, तिथे माणसाएवढ्या बारा मूर्ती, सगळ्या मार्झिपानच्या. बदामाचा केक खाऊन बाबांचा निकाल: "बदाम बर्फी आहे. पण चांगली आहे."

मग पवित्र आत्म्याचं इस्पितळ. १२८६ची वास्तू. लांबलचक दालनात लाकडी खोल्यांची रांग, प्रत्येक साधारण चार चौरस मीटरची, वर छत नाही. १८२० साली म्हाताऱ्या निराधार लोकांसाठी केल्या, आणि १९७०पर्यंत माणसं तिथे राहत होती. आई एका खोलीत शिरली, पलंग कुठे मावत असेल ते हातांनी मोजलं, कपाट कुठे असेल तिकडे पाहिलं आणि बाहेर आली. काही बोलली नाही. मीही नाही.

शेवटी सेंट पेट्रीचा मनोरा. लिफ्ट आहे, ५० मीटरवर सज्जा. साडेतीनला वर गेलो. वारा कानफटात मारत होता. ढगांच्या खालच्या फटीतून पाच-सात मिनिटं ऊन आलं आणि सगळ्या लाल विटा एकदम आतून पेटल्यासारख्या झाल्या. ल्युबेक सात शिखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. बाबांनी मोजली, सहा भरली. परत मोजली, सहाच. मग आई म्हणाली, "आपण कशावर उभे आहोत?"

सव्वापाचच्या गाडीने परत. दोघंही हँबुर्ग येईपर्यंत गाढ झोपले होते.

---

खारा_बांगडा

भारी लिहिलंय. मिठाच्या गोदामांवर इतकं थोडक्यात उरकलंत याबद्दल मालवणकर म्हणून निषेध.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी बांगडे खारवून ठेवतात. त्यात मीठ कमी पडलं की आठ दिवसांत घर सोडावं लागतं, म्हणून सांगतो: मासळी समुद्रात फुकट असते, पैसा मिठात असतो. ल्युबेकवाल्यांनी हे ओळखलं. हेरिंग म्हणजे तेलकट मासा, पटकन खवट होतो, सुकवून फारसा टिकत नाही, त्याला खारंच लागतं. आणि गिऱ्हाईक कोण, तर अख्खा कॅथलिक युरोप. शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. त्या उपासांवर या गावाच्या हवेल्या उभ्या आहेत.

मीठ आणायला त्यांनी १३९८ मध्ये कालवा पुरा केला, एल्बे नदीच्या बाजूने थेट ल्युबेकपर्यंत, मधला डोंगरवटा चढून-उतरून. चौदाव्या शतकात! मी जहाजावर असताना एकदा ट्रावेम्युंडेला उतरलो होतो, तिथून वीसेक किलोमीटरवर हे गाव. तेव्हा सेंट जेकबच्या चर्चमध्ये गेलो. तुम्ही गेला नाहीत असं दिसतं. तिथे पामीर या शिडाच्या जहाजाची मोडकी लाइफबोट ठेवलीय. १९५७ मध्ये अटलांटिकवर वादळात बुडालं, ८६ जणांपैकी सहा वाचले. बरेचसे शिकाऊ पोरगे. बोटीची कड फुटलेली आहे तशीच ठेवलीय. मी फार वेळ थांबलो नाही. आपण पुन्हा जहाजावरच चढणार असतो.

---

तिरकस

लेख छान, पण मूळ मुद्दा पटला नाही. हिवाळ्यात जायचंच तर डिसेंबरात जा. नाताळ बाजार, दिवे, गरम वाइन. जानेवारीत ही गावं लग्न झाल्यावरच्या मांडवासारखी दिसतात. उजेडाचा हिशोब वगैरे ठीक आहे, पण जून महिन्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, मग हा अट्टहास कशाला?

---

एल्बेकाठची

@खारा_बांगडा, निषेध मान्य. सेंट जेकब राहिलं, बुटांनी तासभर खाल्ला.

@तिरकस, नाताळ बाजारात मी तीन वर्षांपूर्वी गेले होते. मारियनकिर्शंच्या बाहेर एवढी गर्दी की आपण चालत नसतो, वाहत असतो. व्हीलचेअर किंवा काठी असेल तर विसराच. जानेवारीत त्या घंटांपाशी फक्त आम्हीच होतो. मांडव उतरल्यावर घर दिसतं ना, तसं. जूनबद्दल वाद नाही, पण आई-बाबांनी जूनमध्ये तिकीट काढलं नव्हतं.

---

दोन_कप_चहा

बुटांबद्दल. हा दुकानदाराचा दोष असेलच असं नाही. मी या धंद्यात आहे.

ट्रेकिंगच्या आणि बऱ्याच चालायच्या बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन फोमचा असतो. हवेतलं पाणी त्याची साखळी हळूहळू तोडतं. बाहेरून काही दिसत नाही, आतून भुगा होतो. वापरात असलेला बूट उलट जास्त टिकतो, कारण चालताना फोम दबतो आणि ओल बाहेर पडते. पिशवीत बांधून दमट हवेत कपाटात ठेवला की पाच-सात वर्षांत खेळ खलास. म्हणजे बाबांनी जपून ठेवले म्हणूनच ते गेले. हे त्यांना सांगू नका.

प्रवासाआधी करायचं ते एवढंच: तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. खड्डा राहिला, चीर दिसली किंवा हाताला चिकट लागलं तर तो बूट घरीच राहू द्या. आणि निघायच्या आधी आठवडाभर घालून भाजी आणायला जा.

---

अनुस्वार

बाख प्रकरणात एक भर. बुक्स्टेहुडेची जागा त्याच्यानंतर ज्याला हवी असेल त्याने त्याच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचं, अशी अट होती. त्यात नवल नव्हतं, त्याने स्वतः १६६८ मध्ये ही नोकरी धरली तेव्हा आधीच्या वादकाच्या, टुंडरच्या मुलीशी लग्न केलं होतं. १७०३ मध्ये हेंडेल आणि माटेझोन हे दोघं संगीतकार मित्र हँबुर्गहून येऊन गेले. वाद्य वाजवून बघितलं, अट ऐकली, परतीची गाडी पकडली. बाखही चार महिने राहून तसाच परत. गावी परतल्यावर चर्चच्या मंडळाने त्याची खरडपट्टी काढली, चार आठवड्यांचे चार महिने कसे झाले म्हणून. वर तक्रार अशी की हा आता ऑर्गनवर असे चमत्कारिक सूर मिसळतो की लोक गोंधळतात.

त्यामुळे "हजेरी लावायला आला" हे बाबांचं वाक्य मला फार आवडलं. लोक याला वारी वगैरे म्हणतात, पण वारीला गेलेल्याला विठोबा घरजावई व्हायला सांगत नाही.

---

घरजावई_नाही

माझ्या आयडीवर कुणी बोलू नये.

---

मडगावचो_पाव

मार्झिपान म्हणजे बदाम बर्फी हे विधान मागे घ्यावं :) आमच्या गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, मार्झिपान असतंच, पण काजूचं. बदाम परवडत नाहीत आणि काजू घरचे. आजी साच्यात घालून फुलं, मासे, पानं करायची, गुलाबी आणि हिरवा रंग जरा जास्तच पडायचा. ल्युबेकचं मी खाल्लंय. त्यात साखर कमी, बदामाचा कडवटपणा जिभेवर उशिरा येतो. चांगलं आहे, पण आजीचा मासा नाही.

---

एल्बेकाठची

@मडगावचो_पाव, साखरेचं खरं आहे. साध्या "ल्युबेकर मार्झिपान"मध्ये कच्च्या बदामाच्या लगद्याचं प्रमाण कमीत कमी ७० टक्के, वर साखर जास्तीत जास्त ३०. "एडेल" लिहिलेल्यात ९० आणि १०. नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या हापूससारखं. त्यामुळे हँबुर्गमध्ये हेच केलं तरी त्याला ल्युबेकर म्हणता येत नाही.

@दोन_कप_चहा, "जपून ठेवले म्हणूनच गेले" हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाबांचं सगळं तसंच आहे."

---

चुनखडी

मारियनकिर्शंला गेलात आणि माल्स्काटची गोष्ट नाही?

१९४२च्या आगीत भिंतींवरचा चुना तडकून पडला आणि खाली मध्ययुगीन चित्रं दिसली. युद्धानंतर फाय नावाच्या ठेकेदाराने ती "पूर्ववत" करायचं काम घेतलं, प्रत्यक्ष हात लोथार माल्स्काट या चित्रकाराचा. चित्रांचे बरेचसे कपचे हात लावताच गळत होते, वरच्या भागात तर काही उरलंच नव्हतं. माल्स्काटने सरळ नवी चित्रं काढली, जुन्यासारखी दिसतील अशी. १९५१ मध्ये चर्चची सातशे वर्षं साजरी झाली, चान्सलर आडेनावर आले, टपाल तिकीट निघालं, जाणकारांनी माना डोलावल्या. माल्स्काटचं नाव कुठेच नाही. हे त्याला सहन झालं नाही. १९५२ मध्ये तो स्वतःच पोलिसांकडे गेला आणि म्हणाला, ही सगळी मी काढलीत, खोटी आहेत. आधी कुणी विश्वासच ठेवेना! शेवटी १९५५ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली आणि त्याची वेदीकडची चित्रं पुसून टाकली.

मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते. अजिंठ्यात गेल्या शतकात वॉर्निश चोपडून केलेली "सुधारणा" काढताना आमच्या लोकांचे हाल झालेत, त्यामुळे माल्स्काटवर मला हसू येतं आणि येत नाही. पण घंटा तशाच ठेवल्या आणि चित्रं नवी काढली, हे एकाच इमारतीत घडलंय. पुढच्या वेळी दोन्हीकडे बघा.

---

तिरकस

ही गोष्ट माहीत नव्हती. खोटेपणा पकडला जात नाही म्हणून माणूस स्वतःच तक्रार करायला जातो! श्रेय न मिळाल्याचं दुःख समस्त महाराष्ट्राला कळेल.

---

पोळीभाजी

व्यावहारिक प्रश्न. सासूसासरे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मार्चच्या सुरुवातीला नेणार आहे. जेवणाचं काय? आणि स्वच्छतागृहं?

---

एल्बेकाठची

जेवण: बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. "ओने श्पेक" म्हणायचं, आणि तरी एकदा चमचा ढवळून बघायचा. बटाट्याचे पॅनकेक सफरचंदाच्या गरासोबत मिळतात, पण त्यात बहुधा अंडं असतं, विचारा. केकमध्येही अंडं. साधं मार्झिपान त्यांना चालावं, पाकिटावरचे घटक तेवढे वाचा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. जाताना गाडीतच खाल्ल्या. समोरच्या बाईने लोणच्याच्या वासाने खिडकीकडे बघितलं, खिडकी उघडत नव्हती.

स्वच्छतागृह: खिशात सुटे युरो आणि पन्नास सेंटची नाणी ठेवा. कॅफेत बसलात की तिथेच उरकून घ्या, "आत्ता नाही लागली" यावर विश्वास ठेवू नका.

मार्चमध्ये उजेड अकरा तासांच्या आसपास असेल, ऐश आहे. तेव्हा बोळांमधूनही हिंडा. आम्ही फक्त दोन केले. मोठ्या घरांच्या पोटातून आरपार जाणारे बोळ आहेत, आत छोटी घरं, कुंड्या, सायकली. पूर्वी मजूर राहायचे. बोळ किती रुंद असावा याचा नियम काय, तर शवपेटी बाहेर काढता आली पाहिजे. आजही नव्वदेक उरलेत. लोक राहतात तिथे, त्यामुळे हळू बोला. बाबांना तीनदा सांगावं लागलं. उंची बघून वाका, हेही सांगावं लागलं, एकदा उशिरा.

---

शब्दवेताळ

अवांतर: लेखक टोमास मान याच गावचा, १८७५चा जन्म. त्याने आपल्या वेताळ पंचविशीतली डोकी अदलाबदल झालेल्या दोन मित्रांची गोष्ट घेऊन एक लघुकादंबरी लिहिली, आणि कर्नाडांचं हयवदन तिच्यावरून आलं. म्हणजे विक्रमाच्या खांद्यावरचं भूत ल्युबेकच्या माणसाकडे जाऊन परत आपल्याकडे आलं. बाकी जर्मनीचा चान्सलर झालेला व्हिली ब्रांटही इथलाच. लेखक गुंटर ग्रास आयुष्याच्या उत्तरार्धात जवळच्या खेड्यात राहायचा. तिघांनाही नोबेल. एवढ्याशा बेटाला.

---

पोळीभाजी

आलो जाऊन! रविवारी गेलो (हो, दुकानं बंद, बूट तपासून नेले होते). अंगठ्याच्या परीक्षेत सासऱ्यांचे बूट नापास झाले, पुण्यातच बदलले. @दोन_कप_चहा यांना सासूबाईंकडून चकल्या कुठे पाठवायच्या ते कळवा.

उंदीर मात्र वीस मिनिटं शोधला. सासूबाई प्रत्येक खांबाखाली वाकून बघत होत्या. एका सेविकेला मी हाताने मिशा करून दाखवल्या, तेव्हा तिने नेऊन सोडलं. आणि एक विचारायचं राहिलं: तुमच्या आईंनी त्याच्या कानात काय सांगितलं होतं?

---

एल्बेकाठची

मिशा! :) पुढच्यांसाठी: मुख्य वेदीच्या मागच्या वाटेने जा, भोजनाचं शिल्प दिसलं की खाली बघा. काळा, तुकतुकीत, अंगठ्याएवढा.

आईला मी गाडीत विचारलं होतं. म्हणाली, "सांगितलं तर होत नाही." मग जरा वेळाने, डोळे मिटलेलेच, "आणि मराठीत बोलले. त्याला कळलं की नाही, ते आधी बघू."